हलकं काम

सातपूरच्या विमा दवाखान्यात, अकरा नंबरच्या खोलीत
एकोणीस वर्षं मी एकच ओळ लिहीत आले:
'रुग्णास हलके काम द्यावे.'
खाली सही, सहीवर शिक्का,
शिक्क्याची शाई डावीकडे कायम फिकट.

हलकं म्हणजे किती, कुणी विचारलं नव्हतं.
विचारलं पुंजाराम शेवाळेनं.
पॉवर प्रेसवरचा माणूस,
चौथ्या-पाचव्या मणक्यामधली गादी सरकलेली,
खुर्चीच्या कडेला नुसता टेकला
आणि म्हणाला, "मॅडम, सुपरवायझर म्हणतो
आपल्याकडं हलकं काही बनतच नाही.
सगळं लोखंड."

मी हसले. तो हसला नाही.

दुपारी डबा खाताना गायधनी सरांशी वाजलं.
झोपव त्याला सहा आठवडे, म्हणाले.
अर्धा बरा माणूस पाठवलास
तर ते त्याला अख्ख्या कामाला जुंपतील.
तीस वर्षं बघतोय, अंबड काय नि सिन्नर काय.

सर, झोपून कंबर बरी होत नाही.
आठवड्याभरात मांड्या वाळायला लागतात,
महिन्याभरात माणूस घड्याळाकडं बघायचं सोडतो,
आणि तिसऱ्या महिन्यात बायको त्याच्याशी
आजारी पोराशी बोलावं तशी बोलायला लागते.
(हे शेवटचं पुस्तकात नाही.
हे मी बाकावर बसलेल्या बायकांकडून ऐकलंय.)

सरांनी मेथीची काडी डब्याच्या झाकणावर काढून ठेवली.
"पुस्तक तुझं बरोबर आहे गं," म्हणाले,
"पण कारखान्यानं ते वाचलेलं नाही."

गुरुवारी ओपीडी संपल्यावर
त्र्यंबक रोडवरून स्कूटर आत वळवली.
सात मिनिटं लागली.
एकोणीस वर्षं, आणि सात मिनिटं.

प्रेसचा ठोका कानांतून नाही, दातांतून आत शिरतो.
धात्रक सुपरवायझर, माणूस वाईट नव्हता,
घाम पुसत म्हणाला, इथं बसवू की त्याला, वॉशर मोजायला.
गेटच्या तोंडाशी एक स्टूल.
पाठ नाही. एक पाय आखूड, खाली पुठ्ठ्याची घडी.
येता-जाता प्रत्येक शिफ्ट बघणार:
हाच तो, आराम करणारा.
मी बसून बघितलं त्या स्टुलावर.
दहा मिनिटांत माझीच कंबर बोलायला लागली.

फॉर्मवर ओळ एकच असते.
मी कागद उलटा केला.

पाठ असलेली खुर्ची. गेटपाशी नको.
वॉशरचा अर्धा डबा उचलेल, भरलेला नाही.
दर चाळीस मिनिटांनी पाण्याच्या कूलरपर्यंत चालत जाईल,
तहान असो नसो.
वाकून मशीन पुसणार नाही.
नव्या पोरांना डाय कशी बसवायची ते शिकवेल.

इथं पेन थांबला.
हे शेवटचं औषध आहे की आगाऊपणा?
तसंच ठेवलं. शिक्का मारला,
डावी बाजू दाबून.

पाच आठवड्यांनी आला. पूर्ण टेकून बसला.
"दुखतं का?"
"दुखतं. पण आता कामावर दुखतं,"
म्हणाला, आणि जरा थांबून,
"घरात दुखायचं ते वेगळं होतं."
गायधनी सरांना सांगितलं.
एक बरा झाला म्हणून नियम होत नाही, म्हणाले.
खरंच होतं ते.

कारण त्याच्या मागंच उभी होती चंद्रकला लिलके,
पेठकडची, ठेकेदाराच्या हाताखाली पॅकिंगला,
उजव्या मनगटाला पट्टा.
"आमचा शेठ सांगतो, हलकं काम म्हणजे घरी बस.
घरी बसले तर पगार नाही.
मॅडम, तुम्ही लिहूच नका काही.
पट्टा काढून जाईन मी."

मागची बाजू कोरी होती.
मी लिहिलं नाही.
विचारलं, गेट कुठल्या रस्त्याला आहे तुझं?
ती माझ्याकडं बघत राहिली,
तसं विचारणारं कुणी
पोलीस तरी असतं, नाहीतर घेणेकरी.